मूठ मिटा, मूठ उघडा

मला वॉर्डात मागून ‘मिरची’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. मुख्य सिस्टर गोड असून चालत नाही. गोड सिस्टरच्या वॉर्डात सलाइन संपून बाटल्या लटकत राहतात आणि भेटायला आलेले लोक पेशंटच्या खाटेवर पाय पसरून झोपतात. फक्त एका माणसावर माझा आवाज कधी चढला नाही, ते आमचे सुईमामा.

सुईमामांचं काम एवढंच, सकाळी पेटी घेऊन यायचं आणि खाटेखाटेवर जाऊन रक्त काढायचं. पण त्या कामात त्यांचा हात धरणारं अख्ख्या हॉस्पिटलात कोणी नव्हतं. एक टोच, दुसरी नाही. शिरा सापडत नाहीत अशा म्हाताऱ्या, तापाने सुकलेली पोरं, सुई बघूनच डोळे पांढरे करणारे दांडगे पुरुष, सगळ्यांसाठी निरोप यायचा, मामांना पाठवा. मामा यायचे, दंडाला रबरी पट्टा आवळून बांधायचे आणि म्हणायचे, “मूठ मिटा, मूठ उघडा. अजून. अजून. लाजू नका, कोणाला मारायचं नाहीये.” पेशंट हसायचा आणि मूठ उघडमीट करायचा. मामा कोपराच्या खळग्यात दोन बोटांनी टिचक्या मारायचे, शीर टम्म फुगून वर आली की सुई अलगद आत. पेशंट “टोचलं का?” विचारेपर्यंत ट्यूब भरलेली असायची. नव्याने लागलेली पोरं-पोरी त्यांच्याकडूनच शिकायची, मीसुद्धा त्यांच्याकडूनच शिकले.

मामी, म्हणजे त्यांची बायको, आमच्याच हॉस्पिटलच्या शिवणखोलीत होत्या. चादरी, पडदे, ऑपरेशनचे झगे, सगळं त्यांच्या पायमशीनखालून जायचं. दोघं बरोबर यायची, बरोबर जायची आणि वाटभर भांडायची. मामी म्हणायच्या, “हे जगाला एकदाच टोचतात हो, मला मात्र दिवसभर.” मामा म्हणायचे, “तुझी कातडी जाड, काय करू?” मूलबाळ नव्हतं. बोलायला कितीही खवचट असले तरी मामा त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपायचे. दुपारी डबा दोघं शिवणखोलीतच खायची, आणि त्या वेळी कोणाची शीर सापडो न सापडो, मामा जागचे हलत नसत.

मामींना रक्तदाब होता आणि दिवसभर मशीनवर बसून पावलांना सूज यायची. हॉस्पिटलच्याच खालच्या ओपीडीत त्यांना लघवीची गोळी लिहून दिली. शरीरातलं जास्तीचं पाणी उतरलं की सूज उतरते, साधं औषध. सूज अर्धी उतरली. मग मामींनी आपला हिशोब केला. एका गोळीने अर्धी गेली, तर दोन गोळ्यांनी पुरती जाईल. कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो डॉक्टरांना विचारेल, डॉक्टर रागावतील, कशाला उगाच. त्यातच पोट बिघडलं आणि जुलाब लागले. पाण्याबरोबर शरीरातून आणखी काय काय जात होतं, ते त्यांना कुठून कळणार?

एके दिवशी मी चादरी मोजून घ्यायला शिवणखोलीत गेले, तर मशीन बंद आणि मामी नुसत्या बसलेल्या.

“सिस्टर, मशीन जड झालंय,” त्या म्हणाल्या. “तेल घातलं, वादी बदलली. मग कळलं, मशीन ठणठणीत आहे, जड झालेत ते माझे पाय.”

स्वतःच हसल्या. मला हसू आलं नाही. स्टुलावरून उठताना त्यांनी स्वतःची मांडी दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवली होती. पोटऱ्यांत गोळे येतात, शौचाला आता होतच नाही, छातीत मधूनच धडधडतं, असं एकेक करत बाहेर आलं. मी तिथेच झापलं त्यांना. दुपार व्हायच्या आत माझ्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर आणून टाकलं. गोळ्यांची गोष्टही तिथेच वदवून घेतली.

आमच्याकडे तेव्हा धाकट्या डॉक्टरीणबाई नव्याने आल्या होत्या. बोलायला हळू, पण नजर मोठी चिकट, एकदा चिकटली की सुटायची नाही. त्यांनी मामींचा ईसीजी काढला आणि ती पट्टी घेऊन माझ्याकडे आल्या.

“सिस्टर, हे बघा. ही लाट चपटी झालीय, आणि तिच्यामागे हा बारीकसा उंचवटा. हा इथे असायला नको. पोटॅशियम खूप कमी झालं असणार. डबल गोळी, वर जुलाब. दुसरं काय असेल?”

“मग चढवायचं का?”

“आधी रक्ताचा रिपोर्ट येऊ दे. न बघता चढवायची चीज नाही ही.”

खरं होतं. पोटॅशियम हे असं मीठ आहे, की कमी पडलं तर हृदय बिथरतं आणि जास्त झालं तर थांबतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून त्याचा आकडा हातात असल्याशिवाय कोणी शहाणा माणूस बाटलीला हात लावत नाही.

मामींचं रक्त मामांशिवाय दुसरं कोण काढणार? मामींच्या शिरा बारीक, त्यातून जुलाबाने आणखी आत गेलेल्या. मी म्हटलंही, “मामा, घरच्या माणसाचं काढताना हात कापतो, मी काढू का?” मामा म्हणाले, “माझा नाही कापायचा. तुम्ही तीनदा टोचाल आणि ती मला तीन वर्षं ऐकवेल.” पडदा ओढून घेतला. मी पलीकडच्या खाटेवर औषध देत होते. त्यांचा नेहमीचा सूर ऐकू येत होता, “मूठ मिट, मूठ उघड. अजून. अजून थोडं.” एकाच टोचेत ट्यूब भरून घेऊन ते बाहेर आले.

रिपोर्ट आला. तीन पूर्णांक सहा. साडेतीनच्या वर म्हणजे ठीक. काठावर, पण ठीक.

डॉक्टरीणबाईंनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला. मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. मोठे डॉक्टर भले गृहस्थ, पण त्यांच्यासमोर कागद ठेवला की माणूस दिसेनासा व्हायचा.

“रिपोर्ट नॉर्मल आहे,” ते म्हणाले. “ईसीजी जुन्या रक्तदाबानेही असा दिसू शकतो. नॉर्मल पोटॅशियमवर वरून पोटॅशियम देऊन काही झालं, तर उत्तर कोण देणार? शंका असेल तर पुन्हा तपासा. गोळी मात्र बंद करा.”

पुन्हा तपासायचं म्हणजे पुन्हा मामा. या वेळी त्यांनी जास्तच काळजी घेतली. आपल्या बायकोला दुसऱ्यांदा टोचायचं, तेही आपल्याच हाताने, तर शीर चुकता कामा नये. पट्टा आवळला, वेळ घेतला, मूठ पुन्हापुन्हा वळवली. दुसरा आकडा तीन पूर्णांक सात.

आता बोलायला जागाच नव्हती. पायांचा अशक्तपणा नसांचा असेल, मणक्याचा असेल, असं ठरलं. काही खाणं जात नव्हतं म्हणून साखरेची सलाइन लावली. त्या साखरेने रक्तातलं उरलंसुरलं पोटॅशियमही पेशींच्या आत ओढून नेलं असणार, हे आता कळतं. तेव्हा सगळ्यांना वाटलं, चार घास गेल्यासारखं होईल. संध्याकाळी मामींनी मला विचारलं, “सिस्टर, मी नाटकं करतेय असं नाही ना वाटत कोणाला? रिपोर्ट तर सगळे छान आलेत.” मी म्हटलं, “नाटकं करणारी बाई इतकं वाईट जेवण जेवायला थांबत नाही.” त्या हसल्या. पण मान उशीवरून उचलली नाही. मला वाटलं थकल्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात असतानाच त्यांचे डोळे फिरले. कप गादीवर उपडा झाला. मॉनिटर लावला तर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. डॉक्टरीणबाईंनी शॉक दिला, मी छाती दाबली, पुन्हा शॉक दिला, तेव्हा ठोके परत आले. त्या धावपळीत हाताची शीर कोण शोधतंय? डॉक्टरीणबाईंनी सरळ जांघेतून रक्त घेतलं. ना पट्टा, ना मूठ.

दोन पूर्णांक तीन.

मग जे कालच करायचं होतं ते सुरू झालं. साखरेची सलाइन काढली. पोटॅशियमची बाटली, मोठ्या सलाइनमध्ये पातळ करून, मशीनवर वेग बांधून, डोळा मॉनिटरवरून न हलवता. सोबत मॅग्नेशियम, कारण ते नसलं तर वरून घातलेलं पोटॅशियम शरीरात टिकत नाही. डॉक्टरीणबाई सगळ्यांना एकच सांगत होत्या, घाई करायची नाही, घाई केली तर हे औषधच मारेल. माझ्या अंगाची लाही होत होती. डोळ्यांदेखत माणूस चाललंय आणि तुम्ही थेंब मोजत बसायचं.

मामा खाटेशेजारी बसले होते. मामींना शुद्ध आली होती.

“अहो, हे काय लावलंय हाताला? निखारा ठेवल्यासारखं जळतंय.”

“औषध आहे. जरा सोस.” मामा ओला कपडा त्यांच्या हातावर ठेवून बसले.

“ही सुई तुम्ही नाही ना लावली?”

“नाही. सिस्टरनी लावली.”

“तरीच,” मामी म्हणाल्या. माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. “यांची असती तर दुखलं नसतं.”

एवढं बोलल्या. दुपार व्हायच्या आधी हृदय पुन्हा बिथरलं, आणि या वेळी शॉक, औषधं, आमचे हात, कशालाही जुमानलं नाही. बाटली अजून अर्धी भरलेली होती. मी ती काढून बेसिनमध्ये ओतली आणि नळ सोडून ठेवला, म्हणजे मला रडताना कोणी ऐकू नये.

मामा रडले नाहीत. ते मला पुन्हापुन्हा एकच विचारत होते, “सिस्टर, काल तीन सात होतं. मी स्वतः काढलंय रक्त. एका रात्रीत इतकं कसं हो उतरलं?” मी म्हटलं, “उतरतं कधीकधी.” आणि मनात म्हटलं, नाही उतरत.

कोडं डॉक्टरीणबाईंनी सोडवलं. त्या लॅबमध्ये जाऊन बसल्या, पुस्तकं काढली, मग मला औषधाच्या खोलीत बोलावून दार लोटलं.

“सिस्टर, पोटॅशियम रक्तात थोडंसंच असतं. सगळा साठा स्नायूंच्या आत. पट्टा घट्ट बांधून मूठ सारखी वळवली, की हाताच्या स्नायूतलं पोटॅशियम तिथल्या रक्तात उतरतं. फक्त त्या हातातल्या, पट्ट्याखालच्या रक्तात. बाकी शरीर कोरडंच. ट्यूबमध्ये येतं ते खोटं भरलेलं रक्त.”

मी दाराला कडी लावली.

“साखर, हिमोग्लोबिन, कशालाच फारसा फरक पडत नाही. म्हणून इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. दोन्ही रिपोर्ट तसेच आलेत. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं मी. ते म्हणाले, ईसीजी ओरडून सांगत होता आणि मी कागदाचं ऐकलं. पण मामांना कोणीतरी सांगायला हवं.”

“कशासाठी?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता. “त्यांची बायको परत येणार आहे का? ज्या हातावर तो माणूस जगला, त्याच हाताने बायको गेली, हे ऐकवून तुम्हाला काय मिळणार? आपण सगळेच तसं काढतो. मी काढते. तुमच्या मोठ्या डॉक्टरांनी जन्मभर ते बघितलंय. मग एकट्या मामांच्याच गळ्यात का?”

“कारण ते उद्या पुन्हा कोणाचंतरी काढतील,” डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या.

मिरची असले तरी मी ठार आंधळी नाही.

मामा लगेचच कामावर आले. “घरात काय करू?” एवढंच म्हणाले. मी आपली पळवाट काढली होती. बाकीच्या सिस्टरना एकेकीला धरून सांगितलं, पट्टा सैल, लवकर सोडा, मूठ वळवायला लावायची नाही. आणि ज्यांचं पोटॅशियम बघायचंय त्यांचं रक्त मामा यायच्या आत मीच काढून ठेवायची. मामांना उरलेले द्यायची. आठवडाभर जमलं. पण ते काय दुधखुळे होते? त्यांनी मला जिन्यात गाठलं.

“सिस्टर, माझा हात कापतो असं वाटतं का तुम्हाला?”

“नाही हो मामा.”

“मग माझे पेशंट का पळवता? ती गेली म्हणून दया करताय माझ्यावर? दया नको. काम द्या. एवढंच राहिलंय मला.”

मी काहीतरी थाप मारली. तिच्यावर माझा स्वतःचाच विश्वास बसला नसता.

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम लवकर आले. मी वॉर्डात पाय ठेवला तेव्हा ते आधीच एका ट्रकड्रायव्हरच्या खाटेवर बसले होते. हा ड्रायव्हर उलट्या करकरून आलेला, पाय लुळे पडलेले, आणि त्याचंही पोटॅशियम बघायचं होतं. मामांनी पट्टा आवळला होता. शिरेवर टिचकी मारली. “मूठ मिटा, मूठ उघडा, राव. स्टिअरिंग धरायचाच हात आहे ना हा?”

“मामा, मूठ नको,” मी म्हटलं.

जास्तच मोठ्याने बोलले असेन. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं बघायला लागली. मामांनीही बघितलं. सुई हातात तशीच.

“का?”

मला वाटलं होतं, कधीतरी निवांत बसून, हळूहळू, शब्द जुळवून सांगेन. ते नशिबात नव्हतं. मी ड्रायव्हरचा पट्टा सोडला, मामांना बाजूला घेतलं आणि डॉक्टरीणबाईंनी मला जे सांगितलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं. मामींचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. ते ऐकत असताना त्यांचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला, आणि मला वाटलं, देवा, मी का होते इथे, हे दुसऱ्या कोणी का नाही केलं.

त्यांनी सुई पेटीत टाकली. नर्सिंगच्या टेबलाशी येऊन खुर्चीवर बसले आणि दोन्ही बाह्या वर केल्या.

“काढा.”

“काय?”

“माझं. डाव्या हाताचं मी काढतो तसं काढा. उजव्याचं तुम्ही म्हणता तसं.”

“मामा, कशाला हे?”

“काढा, सिस्टर. मला बघायचंय.”

मी काढलं. डाव्या दंडाला पट्टा आवळला आणि ते मूठ वळवत राहिले, नजर समोरच्या भिंतीवर. उजव्याला पट्टा सैल, हात उघडा. मला उजवीकडे दोनदा टोचावं लागलं. ट्यूबा घेऊन ते स्वतः लॅबमध्ये गेले आणि मशीनसमोर उभे राहिले. मी मागोमाग गेले, कारण मला त्यांना एकटं सोडवेना.

उजवा चार पूर्णांक एक. डावा पाच पूर्णांक तीन.

मामांनी दोन्ही ट्यूबांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचून पाहिल्या. मग लॅबच्या बाकावर बसले. मी शेजारी बसले.

“मामा, तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं,” मी म्हटलं. “आम्हालाही नाही.”

“नाही सांगितलं,” ते म्हणाले. “पण ती सांगत होती.”

मला कळेना.

“दुसऱ्यांदा काढलं ना, तेव्हा. ती म्हणाली, अहो, नाही होत हो, बोटं मिटत नाहीत, राहू दे. हात थरथरत होता तिचा. तसं रक्त काढलं असतं तर कदाचित शीर चुकली असती. दुसऱ्यांदा टोचावं लागलं असतं.” त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. “मी म्हटलं, अगं, माझ्यासाठी एवढं कर. तुला दुखायला नको म्हणून सांगतोय. मग केलं हो तिने. सगळी ताकद लावून केलं.”

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या डोळ्यांतलं पाणी खळेना. त्यांच्या डोळ्यांत मात्र तेव्हाही पाणी नव्हतं.

थोड्या वेळाने मामा उठले. ड्रायव्हरचं रक्त काढायचं राहिलं होतं. त्यांनी पट्टा सैल बांधला, त्याचा हात गादीवर उघडा ठेवायला सांगितला आणि शीर चाचपली. ती वर आली नाही. त्यांनी दोनदा टोचलं, आणि दोन्ही वेळा त्या ड्रायव्हरची माफी मागितली.